अकरा क्लिक

तो मला दिसण्याआधी ऐकू आला. तो म्हणजे त्याची गाडी.

त्या रविवारी मी ट्रॅकवर गेले होते ती एका दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचा शॉक-अॅब्सॉर्बर परत द्यायला. आठवडाभर लोकांचे दात काढणारे हे गृहस्थ रविवारी मोटोक्रॉसच्या उंचवट्यांवर स्वतःचे दात पाडून घ्यायला यायचे, आणि दर महिन्याला त्यांच्या मागच्या शॉकमधून तेल गळायचं. शॉक त्यांच्या हवाली केला आणि निघता निघता कुंपणाशी थांबले. पाऊस नुकताच उघडला होता. ओल्या मातीत पेट्रोलचा वास मिसळला होता. समोरच्या मोठ्या उडीवरून एक निळी गाडी वर गेली, क्षणभर तिथेच राहायचा विचार असल्यासारखी थबकली, आणि खाली आली तेव्हा पुढून आवाज आला. खण्ण.

इंजिनांच्या गोंगाटात तो आवाज कोणाच्या लक्षातही आला नसता. मला मात्र तो दाढेत जाणवला. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क पार तळाला जाऊन लोखंडावर लोखंड आपटलं होतं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीनंतर तो कुंपणापाशी थांबला, गॉगल काढला आणि हातमोज्याने पुसायला लागला. त्यामुळे चिखल फक्त एका काचेवरून दुसऱ्या काचेवर जात होता.

"ती स्प्रिंग तुमची नाहीये," मी म्हणाले.

म्हणून झाल्यावर मीच दचकले. अनोळखी माणसाशी मी आपण होऊन बोलत नाही.

"चोरीची वाटली का?"

"नाही, म्हणजे... कारखान्यातून येते तीच आहे. ती हलक्या माणसाला धरून बसवलेली असते. फोर्क असा तळाला आपटला की सगळ्यात आधी मनगट जातं. तुम्ही तिच्यासाठी जड आहात."

"वा! ओळख नाही पाळख नाही, आणि मला जाडा म्हणालात."

"जड म्हणाले. जाडा हे मत झालं. जड मोजता येतं."

तो हसला. सगळा चेहरा चिखलाने माखलेला, फक्त गॉगलच्या जागी स्वच्छ गोल... आणि त्या गोलात हसणारे डोळे.

"मग मोजा," तो म्हणाला.

* * *

आमच्या वर्कशॉपच्या दोन खोल्या. पुढची बाबांची: इंजिनं, साखळ्या, काळे हात, मोठ्याने चाललेला रेडिओ. मागची माझी. तिला दार आहे आणि ते बंद ठेवावं लागतं, कारण फोर्कच्या तेलात धुळीचा एक कण गेला तरी महिन्याभरात सील फाटतं. मी पदार्थविज्ञान शिकले. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिन्यांसाठी मदतीला आले, त्याला आता सहा वर्षं झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. स्प्रिंग खोटं बोलत नाही. जेवढं वजन ठेवाल तेवढी दबते, वजन काढलं की परत येते. माणसांच्या बाबतीत हे मला कधी जमलं नाही.

तो मंगळवारी आला. चिखल धुतल्यावर निघालेला चेहरा बरा होता. मी त्याला हे कळू दिलं नाही.

"सगळं अंगावर चढवून काट्यावर उभे राहा. बूट, हेल्मेट, छातीचं कवच."

"मुलींना वय विचारू नये म्हणतात. मुलांना वजन विचारलेलं चालतं?"

"किती आहे?"

"चौऱ्याहत्तर."

काटा त्र्याऐंशीवर थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं.

"बूट फार जड आहेत हो," तो म्हणाला.

"बूट आणि बाकी सगळं मिळून चार किलो. उरलेले पाच?"

"मन. रविवारपासून जड झालंय."

पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "ए उडाणटप्पू! काट्यावर उभं राहून गप्पा मारल्या म्हणून वजन उतरत नसतं!"

त्या दिवसापासून त्याचं नाव उडाणटप्पू पडलं. त्यानेही माझं एक नाव ठेवलं: मोजणीबाई.

मग गाडी किती दबते ते पाहायचं होतं. त्याची पद्धत सोपी आहे. मागच्या चाकाच्या दांड्यापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजायचं. आधी गाडी स्टँडवर, चाक अधांतरी. मग स्वार बसल्यावर. दोन्हीतला फरक एकशे पाच मिलिमीटरच्या आसपास असला की गाडी आणि माणूस एकमेकांचे. बाबांनी पुढून हँडल धरलं, तो सीटवर बसला, मी मागे गुडघ्यावर बसून टेप लावली. त्याचा बूट माझ्या खांद्याला टेकत होता.

"हलू नका."

"श्वास घेतला तर चालेल?"

"चालेल."

"मग तुम्ही का रोखलाय?"

मी आकडा वाचला. एकशे अठ्ठावीस. पुन्हा मोजला. खरं तर पहिल्यांदाच बरोबर वाचला होता.

* * *

नव्या स्प्रिंगा यायला नऊ दिवस लागले. पुढे दोन, मागे एक. फोर्कच्या आत तेलाची वाट अडवणाऱ्या पातळ चकत्यांची रास असते, ती मी त्याच्यासाठी नव्याने रचली. उडीवरून उतरताना कडक, लहान खड्ड्यांवर मवाळ. एकेक चकती बोटावर घेऊन जाडी मोजली. नऊ दिवसांत तो चार वेळा "स्प्रिंगा आल्या का" विचारायला आला. फोन नावाची वस्तू असते हे बाबांनी त्याला दोनदा सांगितलं.

गाडी तयार झाली तेव्हा मी कार्ड काढलं.

कार्ड हा बाबांचा नियम. फोर्कला दोन पाय असतात आणि प्रत्येक पायाच्या टोपीवर एक बारीक स्क्रू. तो फिरवला की आतली तेलाची वाट कमी-जास्त होते. फिरताना टिक, टिक असे टप्पे लागतात, त्यांना आम्ही क्लिक म्हणतो. स्क्रू पूर्ण बंद होईपर्यंत किती क्लिक लागले ते मोजायचं आणि तेवढेच परत उघडायचे. कमी क्लिक म्हणजे फोर्क कडक, जास्त क्लिक म्हणजे मऊ. हा आकडा मी कार्डावर लिहायचा, आणि गाडी नेणाऱ्याने तो आमच्यासमोर स्वतः मोजून खाली सही करायची. एक प्रत आमच्याकडे, एक त्याच्याकडे. फार पूर्वी एक स्वार पडला आणि त्याने बाबांवर आळ घेतला, तेव्हापासून हा नियम. दातांचे डॉक्टरसुद्धा चष्मा लावून मोजतात.

"मला मोजता येत नाही," तो म्हणाला.

"शाळेत गेला नाहीत?"

"गेलो होतो. खिडकीपाशी बसायचो."

मी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. त्याने तो मूठ आवळून धरला, जणू बरणीचं झाकण उघडायचंय.

"असं नाही. दोन बोटांत. आणि आवाज ऐकू नका, इथे बाबांचा रेडिओ असतो. बोटांना कळतं ते."

"मला नाही कळत."

मग मी त्याच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. शिकवायला दुसरा मार्ग नव्हता... असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. टिक. टिक. टिक.

"कळलं?"

"काहीतरी कळलं," तो म्हणाला. "क्लिकच होतं का ते सांगता येणार नाही."

अकरा झाले, तेवढेच परत उघडले. दुसऱ्या पायाकडे वळायचं तर त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला, पेन उचललं आणि सही केली.

"अहो, दुसरा पाय राहिला!"

"तू लावलेत ना अकरा?"

तू. मला ऐकू आलं. बाबांनाही आलं असावं, कारण रेडिओ एकदम बारीक झाला.

"हो, पण..."

"मग झालं. तू लावलेलं मी मोजणार नाही."

तो गेल्यावर बाबा दारात आले, कार्ड डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "गाडी न मोजता नेली त्याने," ते म्हणाले. "हा विश्वास आहे की आळस, ते बघून घे बाई."

* * *

त्यानंतरचे रविवार मी कुंपणाशी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर काढले. हातात वही, कारण वही नसती तर तिथे बसायला कारण उरलं नसतं. मोठ्या उडीवरून तो उतरायचा आणि खण्ण व्हायचं नाही. एक दबलेला, भरलेला आवाज यायचा, उशीवर डोकं टेकल्यासारखा. फेरी संपवून तो माझ्यासमोर थांबायचा.

"कशी आहे?" मी विचारायची.

"छान आहे. आज केस मोकळे सोडलेत."

"गाडी विचारतेय!"

"गाडीचे केस नेहमीसारखेच."

एकदा अचानक सर आली. सगळे तंबूकडे पळाले. आम्ही दोघं त्याच्या पिकअपच्या वर उचललेल्या मागच्या झडपेखाली उभे राहिलो, चार हातांचं अंतर राखायला जागाच नव्हती. त्याने उजवं मनगट वाकवून दाखवलं. वर पूर्ण वाकत होतं, खाली अर्ध्यातच अडकत होतं. आत धातूची पट्टी होती आणि सहा स्क्रू, तीन वर्षांपूर्वीच्या एका पडण्याच्या.

"दुखतं?"

"बारीक खड्ड्यांवर. उडीवर नाही. म्हणजे तुझ्या स्प्रिंगा आल्यापासून नाही. आधी दर उडीला जीव जायचा."

मी मनगटावरच्या टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवलं. माप घेत नव्हते. त्यानेही मोजणीबाई म्हणून चिडवलं नाही. पाऊस पत्र्यावर वाजत राहिला आणि आम्ही, दोन बरी शिकलेली माणसं, मनगटाकडे बघत उभे राहिलो.

मला वाटतं, तेव्हा एकाने तरी तोंड उघडायला हवं होतं.

दोन महिन्यांनी तो नेहमीपेक्षा लवकर आला. दार उघडं टाकून आत आला, धुळीचं भान न ठेवता.

"चाचणीला बोलावलंय," तो म्हणाला. "टीमने. मोठ्या टीमने! चौघांतून एक घेणार आहेत. दोन हंगाम, परदेशात. कळतंय का तुला... माझ्यासारख्याला, या मनगटाला!"

"दार लाव," मी म्हणाले.

त्याने दार लावलं. मी हसले. हसू चेहऱ्यावर नीट बसलंय ना, याकडे माझं लक्ष होतं.

"कधी?"

"शनिवारी. शुक्रवारी गाडी आणतो, तेल बदलून दे. क्लिक-बिक काय ते बघ." मग तो दाराशी घुटमळला. "आणि... एक विचारायचंय तुला."

"विचार."

"आत्ता नाही. चाचणी झाल्यावर. आत्ता विचारलं आणि नाही म्हणालीस, तर उडी चुकेल माझी."

तो गेला. दोन हंगाम म्हणजे किती दिवस, हे मी मनातल्या मनात काढलं. मला सवय आहे.

* * *

शुक्रवारी दुपारी मी फोर्कचं तेल बदललं. सील पुसलं. दोन्ही पाय जागेवर बसवले, बोल्ट ठरल्या ताकदीने आवळले. स्क्रू पूर्ण बंद केला आणि उघडायला लागले. टिक, टिक. अकरावर थांबले.

मग मला त्याचं मनगट आठवलं. चाचणीचा ट्रॅक जुना होता, बारीक खड्ड्यांनी भरलेला. फोर्क जरा मऊ केला तर मनगटाला बरं पडेल. बारा.

इथवर मी खरं बोलतेय.

बारानंतर मी दुसऱ्या पायाचेही बारा केले. स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता. बाहेर बाबा कोणाला तरी समजावत होते की साखळीला तेल लावायला लग्नासारखा मुहूर्त लागत नाही. मी तेरा केले. मग चौदा. दोन्हीकडे, सारखे. चौदावर तो पडला नसता. मी ते नीट पाहिलं होतं. मोठ्या उडीवर फोर्क खोल गेला असता, एखाद वेळी तळाला लागलाही असता. त्याला गाडी आपली वाटली नसती. त्याने हात आखडता घेतला असता, फेरीला अर्धा-पाऊण सेकंद गेला असता, आणि चौघांतून एक घ्यायचा असला की तेवढा पुरतो.

मनगटासाठी एक क्लिक पुरला असता. उरलेले दोन माझ्यासाठी होते.

कार्डावर मी लिहिलं: अकरा. आजवर मी चुकीचं माप कधी लिहिलं नव्हतं असं नाही, चुका होतात. खोटं माप मात्र हे पहिलंच.

तो संध्याकाळी आला. केस कापले होते, कान उघडे पडले होते, लहान दिसत होता.

"झाली?"

"झाली. मोज आणि सही कर."

मी खरंच तसं म्हणाले. तो मोजेल, आकडा चुकलेला दिसेल, मी "अरेच्चा" म्हणेन, आणि सगळं सुटेल. तेवढी एक फट मी ठेवली होती.

त्याने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. सही केली, खाली एक छोटी उडणारी गाडी काढली आणि पेन माझ्या कानामागे खोचलं.

"तू लावलंयस ना," तो म्हणाला.

* * *

मी चाचणीला गेले नाही. वर्कशॉपमध्ये काम आहे असं सांगितलं. दुपारी तीनला त्याचा निरोप आला. दोनच शब्द: निवड झाली.

मी तो निरोप बऱ्याच वेळा वाचला. पहिल्यांदा सुटका झाल्यासारखं वाटलं. माझ्यामुळे त्याचं काही बिघडलं नव्हतं. मग लक्षात आलं की दोन शब्दांपुढे काहीच नाही. मोजणीबाई नाही. हसणारं तोंड नाही. जो माणूस स्प्रिंगा आल्या का विचारायला चार वेळा यायचा, त्याने दोन शब्द पाठवले होते.

चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी पिकअप दारात थांबली. त्याने गाडी एकट्यानेच उतरवली, ढकलत माझ्या खोलीत आणली आणि दार लावून घेतलं. धूळ येऊ नये म्हणून. तो हे विसरला नव्हता.

"जुन्या स्प्रिंगा आहेत ना अजून? कारखान्यातल्या?"

"आहेत."

"त्या परत घाल. चकत्याही पहिल्या होत्या तशा. टीम तिची गाडी देणार आहे, ही माझ्या मावसभावाला देतोय. साठ-बासष्ट किलोचा आहे तो. तुझ्या स्प्रिंगा त्याच्या कामाच्या नाहीत."

"अभिनंदन," मी म्हणाले. "मी म्हणालेच नाही अजून."

"हो."

तो खोक्यावर बसला. मी गाडी स्टँडवर घेतली. पाना घेऊन पुढचे बोल्ट सोडवायला लागले.

"चाचणीच्या आधी टीमच्या मॅनेजरने कार्ड मागितलं," तो म्हणाला. "मी सांगितलं, ज्या मुलीबद्दल बोललो होतो, तिने लावलेलं मी कधी मोजत नाही. तो हसला. म्हणाला, आमच्या टीममध्ये मोजल्याशिवाय कोणी गाडीवर बसत नाही, तूही मोज. मी म्हटलं मोजतो की! उलट बरंच झालं. म्हटलं बघा आता, अकरा म्हणजे अकरा." तो थांबला. "तू शिकवलं होतंस तसं. दोन बोटांत. त्याच्यासमोर, मोठ्याने मोजत होतो. अकरा झाले. पुढे बारा... तेरा..."

माझ्या हातातला पाना सुटला नाही. सुटला असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, मीच चुकलो. दुसरा पाय मोजला. तिथेही चौदा." त्याने वर पाहिलं. "एका पायात चुकली असतीस तर चूक म्हटलं असतं मी. तुझ्या दोन्ही चुका सारख्या होत्या."

"तुझं मनगट..." मी म्हणाले.

"नको," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "ते नको सांगूस. फोर्क तळाला आपटला की सगळ्यात आधी मनगट जातं, हे मला तूच सांगितलंयस. पहिल्या दिवशी. कुंपणाशी."

पुढच्या खोलीत रेडिओ बंद झाला.

"एक क्लिक मनगटासाठी होता," मी म्हणाले. तेवढं तरी बरोबर सांगावं असं वाटलं. "दोन... तू जाऊ नयेस म्हणून."

"मग तसं म्हणायचं."

"म्हणता आलं नाही."

"क्लिक फिरवता आले."

मी फोर्कचा पाय उलटा धरला, तेल भांड्यात सांडायला लागलं. शुक्रवारी घातलेलं, अजून गुलाबी होतं.

"मॅनेजरला काय सांगितलंस?"

"मीच आदल्या दिवशी फिरवले होते म्हणालो. विसरलो म्हणालो. त्याने मला एवढं सुनावलं की बास." तो किंचित हसला, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "मग अकरा केले, आणि गेलो. आणि खरं सांगू? गाडी अशी काय चालली... अकरा अगदी बरोबर होते गं. तुझं माप कधी चुकलंच नाही."

मी आतली स्प्रिंग बाहेर काढली, पुसली, बाकावर ठेवली. त्याच्या वजनाची होती. त्र्याऐंशी किलोच्या माणसाला धरून मागवलेली. आमच्याकडे येणाऱ्यांत दुसरा कोणी त्र्याऐंशीचा नाही.

"तू काही विचारणार होतास," मी म्हणाले. "चाचणीनंतर."

"आता काय उपयोग?"

"मला माहीत असलेलं बरं."

त्याने हातमोज्याच्या उसवलेल्या शिवणीचा धागा ओढला.

"टीमला सस्पेन्शन बघणारं माणूस हवं होतं. मी तुझ्याबद्दल बोलून ठेवलं होतं. तुझी कार्डं दाखवली होती, पहिल्यापासूनची सगळी. मॅनेजरला आवडली होती. येशील का माझ्याबरोबर, हे विचारायचं होतं. बाबांचं कसं करायचं तेही ठरवलं होतं मी, दातांच्या डॉक्टरांचा पुतण्या आहे, इंजिनं बघतो... जाऊ दे. आणि नोकरीचं सोडून आणखी एक विचारायचं होतं. ते नोकरीच्या आधी विचारायचं की नंतर, यातच मी आठवडाभर अडकलो होतो."

"आणि आता?"

"मॅनेजरने परवा विचारलं, ती मुलगी कधी येते. मी म्हटलं, तिला जमणार नाही."

मी म्हणाले, "मी माफी मागते."

"माझा राग नाही," तो म्हणाला. "खरंच नाही. पहिले दोन दिवस होता. पण मी तीस फूट वर असतो तेव्हा खाली काय लावलंय याचा विचार करत नाही. करता येत नाही. तुझ्याबरोबर राहिलो तर मला दर वेळी मोजावं लागेल... आणि तू बघत असशील मोजताना. ते तुलाही सोसणार नाही."

त्याचं बरोबर होतं. मी तपासून पाहिलं, कुठे चूक सापडली नाही.

* * *

काम संपायला दीड तास लागला. कारखान्याच्या स्प्रिंगा, कारखान्याच्या चकत्या, नवं तेल. हलक्या माणसासाठी बारा क्लिक पुरतात. मी डावीकडे बारा लावले, उजवीकडे बारा लावले. कार्डावर लिहिलं: बारा.

बाबा दारात येऊन उभे होते. ते त्याला उडाणटप्पू म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला रडता आलं असतं.

मी कार्ड आणि पेन त्याच्यापुढे केलं. जुन्या सवयीने त्याचा हात पेनाकडे गेला... आणि मध्येच थांबला. मग त्याने टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, गाडीच्या डाव्या बाजूला वाकला आणि फोर्कच्या टोपीवर टेकवला. दोन बोटांत धरला होता. मी शिकवलं होतं तसा.

टिक. टिक. टिक.

रेडिओ बंद होता, त्यामुळे एकेक ऐकू येत होता. त्याचे ओठ हलत होते. मीही मनात मोजत होते, कुठे गडबड होऊ नये म्हणून. स्क्रू टेकला.

"बारा," तो म्हणाला.

"बारा," मी म्हणाले.

त्याने तेवढेच परत उघडले, सरळ झाला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं. आणि मग दुसरा पाय मोजायला गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला.